शब्दचर्चा : 'लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस' आणि त्यावरचा उपचार मराठीत कसा सांगावा?

शब्दवेडी :
आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे. 'लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस'पाशी अडले. सध्याचं वाक्य असं : 'रक्तात दुग्धाम्ल वाढल्याने अम्लरक्तता होते. ते कमी करण्यासाठी औषधे दिली जातात.' पहिल्यांदाच हे ऐकणाऱ्याला कळेल का? 'रक्तातली अ‍ॅसिडिटी' म्हटलं तर सोपं होईल, असं एका सहकाऱ्याचं मत आहे.

अतिदक्ष :
'अ‍ॅसिडिटी' कृपा करून नको. मराठीत अ‍ॅसिडिटी म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर. तो शब्द कानावर पडला की माणूस निर्धास्त होतो. पेशंटचा रक्तदाब पडलेला असतो आणि नातेवाईक विचारतात, 'अ‍ॅसिडिटीला आयसीयू कशाला, डॉक्टर?' यात त्यांचा काही दोष नाही.

पण मला वाक्याचा दुसरा भाग जास्त खटकतो. 'ते कमी करण्यासाठी औषधे' असं बहुतेक वेळा नसतंच. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने सगळ्या शरीराला ग्रासलं की) रक्तदाब कोसळला, खूप रक्त गेलं किंवा हृदयाचा जोर कमी पडला, की पेशींना प्राणवायू पुरत नाही. मग त्या ग्लुकोज अर्धवटच वापरून वेळ भागवतात आणि त्यातून लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचं रक्तातलं रूप, तयार होतं. उपचार करायचा तो या मूळ दुखण्यावर. सेप्सिस असेल तर लवकरात लवकर अँटिबायोटिक आणि शिरेतून सलाईन. लॅक्टेट रक्ताच्या लिटरमागे ४ मिलिमोल किंवा वर असेल तर हे सलाईन वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर, पहिल्या तीन तासांत. तरी रक्तदाब टिकला नाही तर नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रक्तदाब वाढवणारं औषध. रक्तस्राव असेल तर तो थांबवायचा आणि रक्त चढवायचं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. मूळ दुखणं आटोक्यात आलं की लॅक्टेट आपोआप खाली येतं.

शाळामास्तर :
रसायनशास्त्राच्या अंगाने थोडं. शालेय पुस्तकांत 'आम्ल' असतं, जुन्या परिभाषेत 'अम्ल'. दोन्ही चालतील, पण एका पत्रकात एकच ठेवा.

'अम्लरक्तता' या शब्दाने एक गैरसमज होऊ शकतो. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७.३५ ते ७.४५ असतो. तो ७.२ वर आला तर रुग्ण गंभीर असतो, पण शाळेतल्या व्याख्येनुसार ते रक्त अजूनही ७ च्या वरच, म्हणजे आम्ल नव्हेच. म्हणून 'रक्त आम्ल झालं' असं लिहू नका, 'रक्त आम्लतेकडे झुकलं' लिहा.

'दुग्धाम्ल' हे नाव व्युत्पत्तीने चोख आहे. शील या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातूनच वेगळं काढलं, आणि आपल्या दह्याचा आंबटपणा त्याचाच.

अतिदक्ष :
चोख आहे, म्हणूनच अडचणीचं. 'दुग्धाम्ल' वाचलं की पुढचा प्रश्न ठरलेला : दूध-दही बंद करायचं का? या आजाराचा दह्याशी संबंध नाही. एकच दुर्मीळ प्रकार वेगळा आहे. लहान आतड्याचा मोठा भाग काढून टाकलेल्या माणसाच्या पोटातले जिवाणू डी-लॅक्टेट नावाचा जुळा रेणू बनवतात. नेहमीच्या लॅक्टेटच्या तपासणीत तो सापडत नाही, आणि तिथे मात्र आहारातली साखर-पिठं कमी करणं हा उपचाराचाच भाग असतो.

शब्दवेडी :
म्हणजे 'लॅक्टिक आम्ल'च ठेवते. पण रिपोर्टवर तर 'लॅक्टेट' छापलेलं असतं. शिवाय लटकवलेल्या सलाईनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट'! एका बाईंनी मला विचारलं होतं, जे वाढलंय तेच वरून का चढवताय?

अतिदक्ष :
प्रश्न अगदी रास्त आहे, पत्रकात त्याला जागा द्याच. रक्ताच्या पीएचला लॅक्टिक आम्ल जवळजवळ सगळं लॅक्टेटच्या रूपात असतं, म्हणून तपासणी लॅक्टेटची होते. बाटलीत आम्ल नाही, सोडियम लॅक्टेट आहे, लिटरमागे सुमारे २८ मिलिमोल. यकृत ते वापरतं तेव्हा आम्लता कमी करणारं बायकार्बोनेट तयार होतं, म्हणजे परिणाम उलट दिशेचा. हार्टमन या बालरोगतज्ज्ञांनी १९३० च्या दशकात रिंगरच्या क्षारद्रावणात लॅक्टेट घातलं ते मुलांच्या अ‍ॅसिडोसिसवर उपचार म्हणूनच. यकृत पार निकामी झालं असेल तर डॉक्टर दुसरं सलाईन निवडतात.

आता क्रियापद. 'वाढणे'पेक्षा 'साचणे' मला जवळचं वाटतं. शरीर विश्रांतीतही रोज सुमारे १५०० मिलिमोल लॅक्टेट बनवतं, आणि यकृत व किडनी ते तितक्याच वेगाने वापरून टाकतात. त्यामुळे रक्तातली पातळी लिटरमागे २ मिलिमोलच्या आत राहते. मोरी तुंबते ती पाणी जास्त आल्यामुळे किंवा निचरा अडल्यामुळे, तसंच इथे. पण फिट आल्यावर किंवा दम्याच्या झटक्यात सॅलब्युटॅमॉलची वाफ भरपूर दिल्यावरही लॅक्टेट चढतं. फिटनंतरचं तर तास-दोन तासांत स्वतःहून ओसरतं. तिथे 'साचलं' नको, 'वाढलं' बरोबर.

औषधवाला :
निचऱ्यावरून आठवलं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किडनीवाटे बाहेर पडते. किडनी बिघडली, त्यात उलट्या-जुलाब होऊन शरीर कोरडं पडलं, की औषध साचतं आणि त्यामागून लॅक्टेट. हे क्वचितच होतं. तिची बहीण फेनफॉर्मिन या कारणावरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बाजारातून गेली. मेटफॉर्मिनचा धोका त्या मानाने खूपच कमी. पत्रक वाचून कुणी साखरेची गोळी मनाने सोडू नये, एवढं ठळक छापा. गंभीर प्रसंगात इथे डायलिसिस हा खरा उपचार, लॅक्टेट २० च्या वर किंवा पीएच ७.० पर्यंत उतरला असेल तर नक्कीच. त्यात औषध आणि आम्लता दोन्ही निघतात.

दारूचं व्यसन किंवा दीर्घ उपासमार असेल तर थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, विसरू नका. त्याच्याशिवाय पेशींना ग्लुकोजचं ज्वलन पूर्ण करता येत नाही, मग प्राणवायू कितीही द्या. इंजेक्शन स्वस्त आहे आणि कधीकधी काही तासांत फरक दिसतो.

शब्दवेडी :
आणि सोडाबायकार्ब? आम्लावर सोडा, हे तर सगळ्यांना पटकन कळेल.

अतिदक्ष :
पटकन कळतं म्हणूनच त्यावर भर देऊ नका. बायकार्बने पीएचचा आकडा सुधारतो, मूळ कारण तसंच राहतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो श्वासावाटे बाहेर टाकता आला नाही तर पेशी उलट जास्त आम्ल होतात. रक्तातलं कॅल्शियमही उतरतं. फ्रान्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पीएच ७.२० किंवा खाली असलेल्या ३८९ रुग्णांत एकूण स्पष्ट फायदा दिसला नाही. किडनीला बरीच इजा झालेल्यांत मात्र मृत्यू कमी दिसले. म्हणून लिहायचं तर 'काही निवडक रुग्णांना' असं लिहा.

आकड्यांसाठी 'लॅक्टेट उतरतंय' हा शब्दप्रयोग ठेवा. ताप उतरतो, सूज उतरते, तसाच तो लोकांच्या तोंडी आहे. दर दोन-चार तासांनी रक्त का काढतात, हे त्यातून आपसूक समजतं.

औषधवाला :
एक ओळ माझ्याकडून घाला : 'पेशंट घरी घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे येताना सोबत आणा.' 'औषधांचा तपशील द्यावा' असं लिहिलंत तर लोक रिकाम्या हाताने येतात.