‘साठवणक्षमता’ की ‘टिकवणक्षमता’? सूक्ष्म अन्नद्रव्यांविषयीच्या एका वाक्याची चर्चा

प्रश्न : पुणे परिसरातील फळबागायतदारांसाठी मी एक माहितीपत्रक तयार करत आहे. मसुद्यात ‘शेल्फ लाइफ’साठी ‘साठवणक्षमता’, ‘टिकाऊपणा’ आणि ‘टिकवणक्षमता’ असे तीन शब्द तीन ठिकाणी आले आहेत. ‘कॅल्शियम, बोरॉन इत्यादी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीने फळांची साठवणक्षमता वाढते’ हे वाक्य योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : तीनही शब्द रूढ असले, तरी ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘टिकाऊपणा’ कापडाला किंवा चपलेला शोभतो. फळाच्या बाबतीत तो बाजूला ठेवावा. ‘साठवण’ हे माणसाचे काम आहे आणि त्यात शीतगृह, तापमान, आर्द्रता, खोकी हे सर्व येते. ‘टिकणे’ मात्र फळाचे स्वतःचे आहे. सासवडकडून मार्केट यार्डात आलेले सीताफळ सकाळी हाताला टणक लागते, एक-दोन दिवसांत त्याचे डोळे उकलतात आणि मग बोट लागताच साल फाटून गर बाहेर येतो. अशा मालाला टिकवण नाही, असे आपण म्हणतो. तेच फळ वाचवावे म्हणून फ्रीजमध्ये ठेवले, तर ते पिकण्याऐवजी त्याची साल काळी पडते, कारण त्याला तेवढी थंडी सोसत नाही. पहिला दोष टिकवणक्षमतेचा आणि दुसरा साठवणक्षमतेचा आहे. झाडावर असताना मिळालेल्या अन्नद्रव्यांचा संबंध मुख्यतः पहिल्याशी येतो, म्हणून आपल्या वाक्यात ‘टिकवणक्षमता’ हवी.

आता ‘सूक्ष्म’ या शब्दाकडे वळू. हे विशेषण गरजेच्या प्रमाणाचे आहे, महत्त्वाचे नव्हे. झाडाच्या 1 किलो कोरड्या भागात नत्र साधारण 15 ग्रॅम आणि कॅल्शियम 5 ग्रॅम असावे लागते, तर बोरॉन आणि जस्त प्रत्येकी सुमारे 20 मिलिग्रॅम पुरते. त्यामुळे कॅल्शियमला सूक्ष्म म्हणता येणार नाही. मॅग्नेशियम आणि गंधकाप्रमाणे ते ‘दुय्यम अन्नद्रव्य’ आहे. दुकानात कॅल्शियम-बोरॉन एकाच बाटलीत मिळते म्हणून हा घोटाळा होत असावा. ती जोडी अस्थानी नाही, एवढे मात्र खरे. पेशींना एकमेकींशी सांधणारे पेक्टिन कॅल्शियममुळे घट्ट राहते, बोरॉनही पेशीभित्तिकेतील पेक्टिनचे धागे एकमेकांना बांधते, आणि पिकताना हेच पेक्टिन विरघळू लागले की फळ मऊ पडते. सोनार डाग देताना जो टाकणखार वापरतात, त्यात सुमारे 11 टक्के बोरॉन असते. धातू सांधणाऱ्याच्या हाताशी असलेला पदार्थ पेशींच्या सांध्यातही कामी यावा, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

गुणवत्तेचेही तसेच आहे. बोरॉन कमी पडले की पपईचे फळ गाठाळ आणि वेडेवाकडे होते, सालीवर चीक येतो. असे फळ गोड निघाले तरी त्याला प्रत मिळत नाही. जस्त कमी पडले, तर आंब्याची आणि पेरूची पाने लहान राहतात, आणि पानेच खुरटली तर फळात साखर यायची कोठून?

शंका : ‘टिकवणे’ हे प्रयोजक क्रियापद आहे. फळ स्वतः टिकते, त्याला कोणी टिकवत नाही. मग व्याकरणाच्या दृष्टीने ‘टिकवणक्षमता’ हा शब्द चुकीचा ठरत नाही का? ‘टिकण्याची क्षमता’ म्हणावे.

उत्तर : आपली हरकत व्याकरणाला धरून आहे. तथापि ‘या मालाला टिकवण आहे’ हा प्रयोग बागायतदार आणि व्यापारी रोज करतात आणि त्यात टिकवणारा कोणी अभिप्रेत नसतो. कोशात बसवण्यासाठी बाजारातला जिवंत शब्द मोडू नये, असे मला वाटते. छापील मजकुरात अनेकदा दिसणाऱ्या ‘सेल्फ लाइफ’पेक्षा तो शतपटीने बरा.

माझी खरी हरकत ‘वाढते’ या क्रियापदाला आहे. कमतरता असलेल्या बागेत ती भरून निघाली, तर टिकवण सुधारते. कमतरताच नसेल, तर फवारणीचा आणखी एक हात मारून काही वाढत नाही. उलट बोरॉनची गरज आणि त्याची बाधा यांतले अंतर इतके कमी आहे, की जादा मात्रेने पानांच्या कडा करपतात. शिवाय ‘कमतरता’ हा शब्दही जपून वापरावा. चुनखडीयुक्त जमिनीत लोह आणि जस्त असतात, पण सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच) जास्त असल्याने मुळांना ते घेता येत नाहीत. तेथे ‘जमिनीत लोह नाही’ असे लिहिणे चूक आहे, ‘उपलब्ध लोह कमी आहे’ असे लिहावे. कॅल्शियमची अडचण आणखी निराळी आहे. ते पाण्याबरोबर जास्त बाष्प सोडणाऱ्या पानांकडे जाते आणि पानांतून परत फळाकडे फारसे वळत नाही, त्यामुळे फवारा फळाच्या सालीवरच पडावा लागतो. ‘झाडावर फवारावे’ याऐवजी ‘वाढत्या फळांवर फवारावे’ असे स्पष्ट लिहावे.

वाक्य असे करता येईल : ‘माती आणि पानांच्या परीक्षणात कमतरता आढळल्यास बोरॉन, जस्त यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि कॅल्शियम हे दुय्यम अन्नद्रव्य योग्य मात्रेत दिल्याने फळांची प्रत आणि टिकवणक्षमता सुधारते.’ वाक्य लांबले आहे, पण त्यातला एकही शब्द गाळता येईल असे वाटत नाही.

पुरवणी : मसुद्यात पुढे ‘मंगल’ हा शब्द येत असेल, तर त्यापुढे ‘म्हणजे मँगनीज’ असे अवश्य लिहावे. अनेक वाचक त्याचा अर्थ मॅग्नेशियम असा घेतात आणि दुकानातून भलतीच पिशवी घरी येते.