मदत हवी आहे: भोरड्यांच्या थव्यातली ही फिक्या रंगाची मैना कोणती?

पुण्यात वेताळ टेकडीवर काटेसावर फुललीय, फेब्रुवारी संपत आला आणि रोज सकाळी शंभरेक भोरड्या (गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना) येतायत, नुसता कलकलाट. पण त्यात चार पक्षी वेगळेच दिसतात, अंगाला गुलाबी नाही की डोकं काळं नाही, पाठ मातकट राखाडी, पोट फिकट. चोच पिवळसर वाटते, पण मधासाठी फुलात तोंड घालून सगळ्यांचीच कपाळं परागाने माखलीयत, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

दोन सकाळी ८×४२ दुर्बिणीने बघितलं. ब्राह्मणी मैना नाही, काळी टोपी नाहीये. मर्लिन (पक्षी ओळखायचं अ‍ॅप) एकदा भोरडीचं पिल्लू म्हणतं, एकदा राखी डोक्याची मैना. फोटो उजेडाच्या विरुद्ध आलेत, शेपटीचा रंग दिसतच नाही. जवळ गेलं की थवा उडतो आणि रेकॉर्ड केलेला आवाज लावून त्यांना बोलवायचं नाहीये मला. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) चुकीचं नावही टाकायचं नाही.

फुलं आता थोडेच दिवस आहेत, उद्या पहाटे परत जातोय. तर लांबून ओळखायला आधी काय बघू, डोळ्याचा रंग, चोचीचं बूड की शेपटीचा तांबूसपणा?