शब्दचर्चा : ‘बिअर ब्राट’ उकडायचा, शिजवायचा की भाजायचा?

मिशिगनकाठ
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, शेबॉयगनच्या जवळ राहते. उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाची सहल असते आणि यंदा तिथे कोळशावर ब्राटवुर्स्ट (आतड्यात मांस भरून केलेले जर्मन सॉसेज, इथे थोडक्यात ‘ब्राट’) करायचे ठरले आहे. भारतातून आलेले आईवडील, सासूसासरे शेगडीपाशी हौसेने उभे राहतात. त्यांच्यासाठी तिथेच टांगायला मराठीत कृती लिहिते आहे, आणि क्रियापदांवर अडले आहे.

पहिली अडचण ‘फ्राय’ची. शेबॉयगनमध्ये ब्राट ‘फ्राय’ करतात म्हणजे कोळशाच्या निखाऱ्यांवर जाळी ठेवून भाजतात. तेल नाही, कढई नाही. ‘ब्राट फ्राय’ हे समारंभाचेही नाव आहे: चर्चसाठी किंवा शाळेच्या बँडसाठी निधी जमवायचा असला की ब्राट फ्राय ठेवतात. १९५३ साली शहराला शंभर वर्षे झाली तेव्हा सुरू झालेला ‘ब्राट डेज’ अजून ऑगस्टमध्ये भरतो. आता ‘तळणे’ लिहिले तर आमचे काका कढई शोधायला जातील.

दुसरी अडचण बिअरची. बरेच लोक ‘आधी बिअरमध्ये बॉइल करा, मग ग्रिल करा’ असे सांगतात. मी ‘बिअरमध्ये उकडा’ असे लिहिले आणि वाचताना ते खटकले. याला आपल्याकडचा नेमका शब्द कोणता?

एर्लांगनवासी
ताई, मी जर्मनीत न्यूर्नबर्गच्या शेजारच्या गावात राहतो, तेव्हा मुळापासून सुरुवात करतो. जर्मनमध्ये ‘ब्राटेन’ हे क्रियापद आहे, आणि ‘वुर्स्ट’ म्हणजे सॉसेज, त्यामुळे ब्राटवुर्स्ट म्हणजे ‘ब्राटेन केलेली वुर्स्ट’ असे सगळ्यांनाच वाटते, जर्मन माणसालासुद्धा. पण जुन्या जर्मनमध्ये ‘ब्राट’ म्हणजे बारीक केलेले मांस. तो शब्द मेलेला नाही. इथल्या खाटकाकडे आतड्यात भरायच्या आधीच्या कच्च्या मिश्रणाला आजही ‘ब्रेट’ म्हणतात. म्हणजे नावात कृती नव्हती, आतला ऐवज होता. कृती लोकांनी नंतर नावात वाचली.

आणि ‘ब्राटेन’ हे क्रियापद तरी किती मोकळेढाकळे! तव्यावर अंडे केले तरी ब्राटेन, भट्टीत डुकराचा मोठा तुकडा भाजला तरी ब्राटेन, जाळीवर वुर्स्ट केली तरी ब्राटेन. आपण जिथे तळणे, परतणे, भाजणे असे वेगळे करतो तिथे त्यांचे एका शब्दात भागते. शेबॉयगनला जाऊन वसलेल्या जर्मनांनी त्यालाच इंग्रजी ‘फ्राय’ शोधला असावा, हा माझा कयास आहे. म्हणून ‘फ्राय’चे भाषांतर करूच नका. हात काय करतो ते लिहा.

इथले लोक आगीचे वेगळेपण दाखवायला पुढे ‘रोस्ट’ लावतात. रोस्ट म्हणजे लोखंडी जाळी. न्यूर्नबर्गची रोस्टब्राटवुर्स्ट बोटाएवढी असते, ७ ते ९ सेंटिमीटर लांब आणि २० ते २५ ग्रॅम वजनाची. मेंढीच्या बारीक आतड्यात भरलेली, मार्जोरमची सुगंधी पाने घातलेली, बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर भाजलेली. रस्त्यावर तीन वुर्स्ट एका पावात घालून देतात. बसून खायची तर सहा, आठ, दहा, बारा अशा मागवतात. शेजारच्या थुरिंगिया राज्याची वुर्स्ट लांब, किमान १५ सेंटिमीटर, आणि ती कोळशावर. कोबुर्ग शहरात तर पाइनची वाळलेली फळे जाळून त्यांच्या धगीवर भाजतात. तो राळेचा वास मी दुसऱ्या कुठल्याच वुर्स्टला घेतलेला नाही. बाजारचौकातून जाताना तो आधी नाकाला भेटतो, मग गाडी दिसते.

एक लिंगाची गोष्ट. जर्मनमध्ये वुर्स्ट स्त्रीलिंगी, आणि इथली मराठी माणसेही ‘एक ब्राटवुर्स्ट दिली’ असेच बोलतात. तुमच्याकडे?

मिशिगनकाठ
आमच्याकडे ‘वुर्स्ट’ गळून गेले आहे, नुसता ‘ब्राट’ राहिला आणि तो पुल्लिंगी झाला. एक ब्राट, दोन ब्राट, ‘ब्राट करपला’. उच्चारात ‘ब्रा’ लांब. ‘ब्रॅट’ म्हटले तर इंग्रजीत हट्टी, लाडावलेले पोर होते.

वऱ्हाडकन्या
भाजणे की शेकणे, यावर कुणीतरी बोलायला हवे, कारण ताईंच्या कृतीत दोन्ही लागणार आहेत.

शेकणे म्हणजे पदार्थाला धग दाखवणे. भाकरी तव्यावरून उतरवून विस्तवापुढे उभी करतो ते शेकणे, थंडीत हात शेकतो तेही शेकणे. भाजण्यात पदार्थ बदलतो: रंग येतो, वास सुटतो, कच्चेपणा जातो. वांगे भाजतात, कणीस भाजतात, सुके बोंबील भाजतात. पण दाणे आणि रवाही भाजतात, तेही कढईत. तेव्हा आपला ‘भाजणे’सुद्धा त्या ब्राटेनसारखा पसरट आहे, आणि त्याला जागा जोडावी लागते. ‘निखाऱ्यांवर भाजा’ लिहा, नुसते ‘भाजा’ नको.

आणि ‘आगीवर’ हा शब्द कृतीतून काढून टाका, ही माझी कळकळीची विनंती. आग म्हणजे जाळ. जाळावर ठेवलेले मांस पोळते, भाजले जात नाही. पोळणे म्हणजे वरून काळे आणि आत कच्चे. आमच्याकडे रोडगे करतात तेव्हा गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसू देतात आणि मग त्या ‘आहारात’ रोडगे टाकतात. आहार म्हणजे इथे खाणे नव्हे, लाल निखाऱ्यांचा थर. काही भागांत त्याला ‘आर’ म्हणतात. आमच्या आजीचा शब्द होता, ‘आहार पडू दे’. कोळशावर राखेची पांढरी साय चढली की आहार पडला. शहरातल्या वाचकाला ‘आहार’ कळणार नाही म्हणून ‘राख चढलेले निखारे’ लिहा, पण शब्द आपल्याकडे आहे एवढे नोंदवून ठेवते.

मिशिगनकाठ
हे फार उपयोगी पडले. इथेही हेच सांगतात. चरबी ठिबकली की भडका उठतो, तेव्हा ब्राट चिमट्याने बाजूला, धग कमी असलेल्या भागात सरकवायचे. तिथे ते ‘शेकत’ राहतात. काटा टोचायचा नाही. टोचला की रस निखाऱ्यात जातो आणि पुन्हा भडका.

एर्लांगनवासी
इथे भडका उठला की भाजणारा माणूस हातातल्या बाटलीतली थोडी बिअर शिंपडतो. बिअर आणि विस्तव यांची भेट बहुतेकदा एवढीच. थुरिंगियात रोस्टब्रेटेल म्हणून डुकराच्या मानेचे काप असतात, ते मात्र कांदा, मोहरी घालून बिअरमध्ये ‘मुरवतात’ आणि मग जाळीवर टाकतात. मुरवणे आणि उकडणे यांत गल्लत नको.

तापीकाठचा
आता ‘उकडणे’. हा शब्द मराठीत दोन कामे करतो. बटाटे, अंडी पाण्यात बुडवून उकडतात. मोदकही उकडतात, पण ते पाण्याला शिवतही नाहीत, वाफेवर होतात. दोन्हींत एक गोष्ट सारखी: पाणी खळखळ उकळत असते. ‘उकडा’ असे वाचले की कुणीही मोठी आच करणार आणि पातेले खदखदवणार. ब्राटला ते चालते का, यावर शब्द ठरेल. ताई, सांगा.

मिशिगनकाठ
अजिबात चालत नाही, दादा. ब्राटचे वेष्टण आतड्याचे. खदखदत्या द्रवात ते आकसते, आतले मांसही आकसते, पाणी आणि चरबी बाहेर ढकलली जाते आणि ब्राट उभा चिरतो. उरतो तो भुसभुशीत, कोरडा तुकडा, आणि वर तरंगणारी चरबी. बिअर ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास हवी: वाफ येते आहे, कडेला बारीक बुडबुडे आहेत, पण उकळी फुटलेली नाही. अशा बिअरमध्ये कांद्याच्या चकत्या, थोडे लोणी आणि कच्चे ब्राट पंधरा-वीस मिनिटे. मधोमध ७१ अंश भरले की डुकराचे मांस शिजले.

भाजायचे मात्र त्यानंतरही असतेच. ओल्या द्रवात कितीही वेळ ठेवला तरी ब्राट फिकट राहतो. तांबूस रंग आणि खमंगपणा यायला पृष्ठभाग कोरडा पडून १४० अंशांच्या वर जावा लागतो, आणि ते काम निखाऱ्यांचे.

दुसरे म्हणजे बिअर आटवायची नाही. बिअरला कडवट करणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा उडून जात नाही. पाणी कमी होते तसा तो गडद होतो. म्हणून साधी फिकी लागर घ्यायची, फार कडू बिअर नको. अल्कोहोलही सगळे उडत नाही, थोडे मागे राहते. मंडळात न पिणारे बरेच आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात सफरचंदाचा रस आणि कांदा. आणि कुठल्या ब्राटमध्ये डुकराबरोबर गाईचे किंवा वासराचे मांस आहे हे पाकिटावर वाचून तसे फलक लावणार आहे; हे शब्दांच्या चर्चेत बसत नाही, पण कृतीत लिहायलाच हवे.

तापीकाठचा
मग ‘उकडणे’ बाद. ‘शिजवणे’ घ्या, आणि आधी ‘उकळी फुटू न देता’ जोडा. ‘आधण’ हा शब्दही मनात आला होता, पण आधण येणे म्हणजे उकळीच, म्हणून सोडून दिला.

मिशिगनकाठ
अजून एक पेच राहिला, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेबॉयगनच्या जुन्या जर्मन घरांतली माणसे ब्राट आधी बिअरमध्ये घालतच नाहीत. कच्चाच जाळीवर ठेवतात, सावकाश भाजतात, आणि भाजून झाल्यावर बिअर, लोणी, कांदा घातलेल्या पातेल्यात टाकतात, म्हणजे पंगत उशिरा बसली तरी गरम राहतो. आधी बिअरमध्ये घालणाऱ्याला ते इथला मानतच नाहीत. इंग्रजीत दोन्ही प्रकारांना ‘बिअर ब्राट’ म्हणतात. नाव एक, क्रम उलटा. मराठीत हा फरक दाखवायला दोन वेगळी नावे करू का?

तापीकाठचा
नाव कशाला? आपली सहायक क्रियापदे हेच काम करतात. आमच्या खानदेशात वरण-बट्टी करतात. बट्टी आधी ‘उकडून घेतात’, मग काप करून तुपात तळतात. त्या ‘घेणे’त सगळे आले: ही तयारी आहे, पुढचे काम बाकी आहे. बटाटे उकडून घ्या, दाणे भाजून घ्या, कांदा परतून घ्या. ऐकणारा आपोआप विचारतो, ‘मग?’ याउलट ‘ठेवणे’ म्हटले की मुख्य काम उरकलेले असते. वरण झाकून ठेवा, पोळ्या डब्यात घालून ठेवा.

म्हणून पहिली पद्धत: ‘बिअरमध्ये शिजवून घ्या, मग निखाऱ्यांवर भाजा.’ शेबॉयगनची: ‘निखाऱ्यांवर भाजा, मग बिअरमध्ये घालून ठेवा.’ पहिलीत बिअर शिजवते, दुसरीत राखण करते. इंग्रजीत जे सांगायला वाक्य खर्च करावे लागते ते इथे दोन अक्षरांत होते. याचा मला मनापासून आनंद आहे.

वऱ्हाडकन्या
वा, दादा! आणि ‘भाजून घ्या’ लिहायचे नाही हेही त्यातूनच ठरले. दोन्ही पद्धतींत भाजणे हे मुख्य काम, तिथे साधे ‘भाजा’.

म्हापशेकार
उशिरा आलो. ताई, वेष्टणाला ‘वेष्टण’ किंवा ‘साल’ लिहू नका, सरळ ‘आतडे’ लिहा. लोक बिचकतात म्हणून शब्द लपवायची गरज नाही. आमच्या गोव्यात चोरीस करतात तेव्हा मांस आतड्यातच भरतात. मिरची, लसूण, व्हिनेगर लावून मुरवलेले ते मांस वाळवून टिकवतात, आणि शिजवताना अनेक घरी आतडे काढून आतलेच मांस कांद्याबटाट्यांबरोबर घालतात. ब्राट ताजा असतो आणि आतड्यासकट खातात, त्यामुळे आतड्याला जपणे हीच त्याची खरी कृती. तेव्हा ‘चोरीससारखे’ असे लिहून लोकांची दिशाभूलही करू नका. दोघांत भरण्याची रीत तेवढी सारखी.

एर्लांगनवासी
काका, तुमच्या ‘आतडे’ला भक्कम आधार आहे. थुरिंगियातल्या आर्नश्टाटच्या मठातल्या जोगिणींच्या हिशेबात १४०४ सालची एक नोंद आहे: ब्राटवुर्स्टसाठी आतडी, एक ग्रोशन. ग्रोशन हे तेव्हाचे चांदीचे नाणे. त्या ओळीत मसाला नाही, मांस नाही, फक्त आतडी आणि वुर्स्ट.

मिशिगनकाठ
सर्वांचे आभार. फलकाचा मजकूर असा केला आहे:

‘कोळसा पेटवा. जाळ बसू द्या. निखाऱ्यांवर पांढरी राख चढली की जाळी ठेवा. कच्चे ब्राट जाळीवर ठेवून चिमट्याने फिरवत सावकाश भाजा. टोचू नका. भडका उठला तर ब्राट कडेला सरकवून शेकू द्या. सगळीकडून तांबूस झाले आणि मधोमध ७१ अंश भरले की उतरवा. पंगतीला वेळ असेल तर बिअर, लोणी, कांद्याच्या गरम पातेल्यात घालून ठेवा. पातेले उकळू देऊ नका, आतडे फाटते. कडक पावात दोन-दोन घालून, मोहरी आणि कच्चा कांदा लावून द्या.’

शेबॉयगनच्या जवळ राहते, म्हणून पद्धत इथलीच घेतली.

वऱ्हाडकन्या
छान उतरले आहे. फक्त ‘मोहरी’च्या जागी ‘मोहरीची चटणी’ करा, नाहीतर कुणीतरी फोडणीचा डबा घेऊन येईल. आणि ‘तांबूस’च्या आधी ‘खरपूस’ घाला. तांबूस डोळ्यांना दिसते. वरचे आतडे दाताखाली कुरकुरले पाहिजे, ते ‘खरपूस’मध्ये आहे.

मिशिगनकाठ
दोन्ही बदल केले.