कोर्सआधी पन्नास पाकिटं विकून बघा

"नोकरी सोडून आधी उद्योजकतेचा कोर्स करू, की थेट उडी मारू?" असा प्रश्न आहे. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी कोर्स सुचवलाय. माझं मत तिसरंच: नोकरी धरून ठेवा आणि काहीतरी विकायला लागा.

मी इंदूरचा. पोह्यांवर जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) नसेल तर आमचा घास उतरत नाही, म्हणून तेच घरी करून विकायचं ठरवलं. सियागंजच्या बाजारातून मसाले आणले, प्रमाण आईचं, 100 ग्रॅमची पाकिटं. पहिल्याच पावसाळ्यात आत गठ्ठे झाले आणि माल परत आला. काळं मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे तेव्हा कळलं. मग जाड, आतून चंदेरी पाऊच घेतले, खर्च वाढला.

खरा गुरू भेटला तो दुकानदार. "रख दो भिया, बिक जाए तो पैसे ले जाना." म्हणजे माल माझा, पैसे महिन्याने, तेही दोन चकरा मारल्यावर. वहीत नफा दिसायचा, पण पुढचं जिरं आणायला खिशात दमडी नसायची. वर्किंग कॅपिटल, म्हणजे धंदा चालू ठेवायला हाताशी लागणारा पैसा, म्हणतात तो हाच, बरं का.

कागदपत्रांचं थोडक्यात: घरून खाद्यपदार्थ विकायचे तरी एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) नोंदणी लागते. मालाला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची विक्री, त्याखाली नोंदणी लागत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. पण मसाला राज्याबाहेर विकायचा तर जीएसटी नोंदणी पहिल्या विक्रीपासूनच. पुण्याच्या मावशीने आणलेली ऑर्डर त्यातच अडकली.

तुमची कल्पना मालाची आहे की सेवेची, ते लिहा. सेवेत उधारीचं गणित वेगळं असतं.