आटलेलं पाणी गोड्यानेच भरा
समुद्री मासे पाळायच्या काचेच्या टाकीतलं पाणी आटलं की रत्नागिरीहून कॅनमधून आणलेलं समुद्राचं पाणीच ओता, असं काही जण सुचवतात. ते करू नका. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. १०० लिटरमधलं १० लिटर उडालं आणि तेवढंच खारं पाणी भरलं, की ते ३८.५ वर जातात. भरपाई आरओच्या (क्षार गाळून काढणाऱ्या यंत्राच्या) गोड्या पाण्यानेच करायची.

क्लाउनफिश हा मासा एवढं निभावून नेतो, तारामासा नाही. अंगातले क्षार त्याला सांभाळता येत नाहीत. इथे कोल्हापुरात, राजारामपुरीत, ऐन मे महिन्यात, आमच्याकडच्या तारामाशाच्या हातांची टोकं मऊ पडून पांढरी झाली. चार दिवसांत गेला बिचारा. अजून वाईट वाटतं. काचेवर पातळीची रेघ मारा आणि रोज सकाळी तिथवर भरा.