मदत हवी आहे: वायरलेस ड्रायव्हरमध्ये देशाचे नियम लागू होऊनही 'नो-आयआर' फ्लॅग निघत नाही

नमस्कार,

लिनक्सवर एका यूएसबी वायरलेस चिपसाठी मी मॅक८०२११ (वायरलेस ड्रायव्हरांसाठीचा लिनक्सचा सामायिक भाग) वर आधारलेला ड्रायव्हर लिहीत आहे. चिपच्या ईईप्रॉममध्ये (कार्डावरच्या कायमस्वरूपी स्मृतीत) दोन अक्षरी देशसंकेतासाठी जागा आहे. काही कार्डांत तो भरलेला असतो, काहींत ती जागा रिकामीच असते. संकेत असेल तर लिनक्सकडे कार्डाची नोंदणी झाल्यावर ड्रायव्हर रेग्युलेटरी हिंट देतो, म्हणजे देश कळवतो, आणि सीएफजी८०२११ (लिनक्समधला वायरलेस नियम सांभाळणारा भाग) त्या देशाचे नियम लावते. अडचण आहे ती रिकाम्या जागेच्या कार्डांची.

अशा कार्डांसाठी '००' या जागतिक नियमसंचासारखाच एक सावध संच मी ड्रायव्हरमध्ये ठेवला असून, कस्टम-रेग फ्लॅगसह (ड्रायव्हरचा स्वतःचा नियमसंच आहे हे सांगणारी खूण) तो नोंदणीपूर्वी लावतो. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या १ ते ११ या चॅनेलवर प्रक्षेपणाची मुभा आहे. १२, १३ आणि ५ गिगाहर्ट्झचे सर्व चॅनेल 'नो-आयआर' आहेत, म्हणजे तिथे कार्डाने फक्त ऐकायचे, आपणहून प्रक्षेपण सुरू करायचे नाही. पुढे वापरकर्त्याने 'आयडब्ल्यू रेग सेट' ही आज्ञा वापरून देश सांगितला की 'आयडब्ल्यू रेग गेट' मध्ये नवे नियम अचूक दिसतात, त्यामुळे नियमांची फाइल वाचली जात नसावी ही शंका उरत नाही. तरीही चॅनेल ३६ ते ४८ वर, त्या देशात मुभा असूनही, ॲक्सेस पॉइंट सुरू होत नाही, कारण चॅनेलच्या यादीत 'नो-आयआर' तसाच राहतो.

रेग-नोटिफायरमध्ये (नियम बदलले की बोलावल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये) हा फ्लॅग स्वतःच पुसून टाकता येईल, पण ते मला योग्य वाटत नाही. ५२५० मेगाहर्ट्झपासून पुढे काही पट्टे रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे प्रक्षेपणाआधी किमान ६० सेकंद ऐकावे लागते आणि रडार आढळल्यास ३० मिनिटे तो चॅनेल सोडावा लागतो. अशा ठिकाणी ड्रायव्हरने अंदाजाने मुभा वाढवली, तर त्याचा त्रास त्या रडारवर विसंबून असणाऱ्यांना होईल. मग सेल्फ-मॅनेज्ड पद्धत, म्हणजे नियम सीएफजी८०२११ ऐवजी ड्रायव्हरनेच सांभाळण्याची पद्धत, वापरावी का? शिवाय रेग-नोटिफायर नोंदणीच्या वेळीच, फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम) चालू होण्याआधी, बोलावला जातो. तेव्हा प्रक्षेपणशक्तीची मर्यादा चिपमध्ये कधी लिहावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

तुमचा फ्लॅग न पुसण्याचा विचार बरोबर आहे, आणि तो पुसण्याची गरजही नाही. नोंदणीच्या क्षणी चॅनेलवर जे फ्लॅग असतात, ते सीएफजी८०२११ मूळ फ्लॅग म्हणून जपून ठेवते आणि नंतरच्या प्रत्येक देशाचे नियम त्यांत मिळवते. तुमच्या कस्टम संचातला 'नो-आयआर' असा मूळ फ्लॅगांत जाऊन बसला आहे, म्हणून कोणताही देश निवडला तरी तो निघत नाही. मूळ फ्लॅगांत केवळ हार्डवेअरच्या खऱ्या मर्यादा असाव्यात.

तेव्हा कस्टम संच काढून टाका. देशसंकेत नसेल तर हिंट देऊ नका. '००' चे सावध नियम लिनक्सच्या गाभ्यातून (कर्नलमधून) आपोआप लागतात आणि वापरकर्त्याने देश सांगितल्यावर बदलतात. संकेत असेल तरच नोंदणीपूर्वी स्ट्रिक्ट-रेग फ्लॅग लावा, म्हणजे पुढे वापरकर्त्याला नियम अधिक कडक करता येतील, सैल करता येणार नाहीत. हिंट न देता हा फ्लॅग लावलात, तर कार्ड स्वतःच्या हिंटची वाट पाहत राहते आणि वापरकर्त्याने सांगितलेला देश दुर्लक्षिला जातो; ही चूक शोधायला फार वेळ जातो.

सेल्फ-मॅनेज्ड पद्धत फर्मवेअर स्वतः देश ठरवते तिथे शोभते, जसे इंटेलच्या आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हरमध्ये आहे. तुमच्या चिपला ती लागू नाही.

शक्तीची मर्यादा रेग-नोटिफायरमध्ये लिहूच नका. ईईप्रॉममधली कमाल शक्ती नोंदणीपूर्वी प्रत्येक चॅनेलवर नोंदवा. ती आणि देशाची मर्यादा यांतली कमी असलेली सीएफजी८०२११ निवडते; फक्त स्ट्रिक्ट-रेग कार्डांत हिंटनंतर देशाचीच मर्यादा मूळ धरली जाते, म्हणून तिथे ईईप्रॉममधली मर्यादा ड्रायव्हरनेच पाळावी. चॅनेल बदलताना ही कमी असलेली मर्यादाच चिपमध्ये लिहिलीत, की फर्मवेअर आधी की नियम आधी हा प्रश्न उरत नाही. फक्त चालू चॅनेलवर असतानाच देश बदलला, तर ती पुन्हा लिहावी लागेल.