अनुभव धागा: साध्या इंजिन ऑइलचा ब्रँड खरंच बघावा का?

सिडको
वडिलांची स्प्लेंडर आता मी वापरतो. तिला पहिल्यापासून 'सर्वो' ब्रँडचंच ऑइल. मागच्या आठवड्यात मुंबई नाक्याजवळच्या दुकानात ते संपलेलं, दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं दिलं. ग्रेड (ऑइलचा घट्टपणा) तीच, 10डब्ल्यू30, तेही साधं मिनरलच. घरी डबा पाहून वडील नाराज झाले. डबा अजून फोडलेला नाही. कंपनी बदलून कोणाच्या इंजिनाला काही झालंय का? स्वतःचा अनुभव लिहा.

सातपूर
एमआयडीसीत शिफ्टला रोज तीच गाडी. लाखभर किलोमीटरमध्ये चार कंपन्यांचं ऑइल झालं. इंजिन उघडलं नाही. दर तीन हजाराला न चुकता बदलतो, एवढंच. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. एपीआय या अमेरिकन संस्थेचे दर्जे असतात ते, एसएन 2010 चा, एसपी 2020 चा. ही अक्षरं आणि ग्रेड मॅन्युअलशी जुळली की पुढचं चित्र कोणतं का असेना.

इंदिरानगर
माझं उलटं झालं. कंपनी तीच ठेवली आणि क्लच गेला! कारच्या सर्व्हिसिंगनंतर लिटरभर ऑइल उरलं होतं, चांगलं महागाचं, ते बाईकमध्ये ओतलं. पंधरा दिवसांनी वणीच्या गडाला निघालो. नांदुरीच्या पुढे घाट लागला आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी जागची पुढे सरकेना. बायको उतरून चालत होती, मी पहिल्या गिअरवर मागे. मेस्त्रीने क्लच प्लेट हातावर ठेवून दाखवली, काचेसारखी गुळगुळीत. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं रसायन घालतात. बाईकच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए2 असायलाच हवं. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून इतकं लांबलचक लिहिलं.

पिंपळगाव बसवंत
आमच्याकडे द्राक्षाला ट्रॅक्टरवर फवारणीचा ब्लोअर चालतो. ऑक्टोबर छाटणीनंतर ट्रॅक्टरला उसंत नाही, आणि फवारणीत किलोमीटर किती झाले याला अर्थ नसतो, तास बघायचे. अडीचशे तासांना बदलतो, 15डब्ल्यू40, डिझेल इंजिनाच्या सीआय-4 दर्जाचं. कंपनी सोसायटीत येईल ती. काळं पडलं की लोक घाबरतात, पण डिझेलला ऑइलने काजळी धरून ठेवायचीच असते, ते त्याचं कामच आहे. ऑइलपेक्षा एअर क्लीनरकडे बघा, आमच्याकडे धुरळा फार.

पंचवटी
ताईंनो, स्कूटरवाल्यांसाठी लिहिते. मी नेहमी नावाजलेलं ऑइलच घ्यायची. एकदा एका दुकानातून स्वस्तात मिळालं. आठवड्यात इंजिनातून टॅपेटचा (व्हॉल्व्हच्या भागाचा) टकटक आवाज सुरू. काढलं तर पाण्यासारखं पातळ. डबा खरा, आतला माल नकली. आता बिल घेते, सील समोर फोडायला लावते आणि रिकाम्या डब्याला तिथेच स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडते. आणि हो, आपल्या गिअरलेस गाडीचा क्लच कोरडा असतो, म्हणून जासो एमबी लिहिलेलं चालतं. ते बाईकला टाकू नका.

देवळाली कॅम्प
ब्रँडने फरक पडतो. बुलेट वीस वर्षं चालवतोय, एका कंपनीच्या ऑइलवर गिअर लोण्यासारखे पडतात, दुसऱ्यावर अडकतात. ग्रेड सारखी असली तरी प्रत्येकाचा मसाला वेगळा. हाताला कळतं ते खोटं कसं म्हणू?

द्वारका, गॅरेज
काकांचं बरोबर आहे, गिअरमध्ये फरक जाणवतो. पण माझ्याकडे जाम होऊन येणाऱ्या इंजिनांत बहुतेकदा ऑइलच नसतं. कोणतं होतं हा प्रश्नच येत नाही. सिडकोवाले दादा, तुम्ही लेव्हल कधी पाहिलीत? दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवा, बंद करून तेवढंच थांबा. गाडी डबल स्टँडवर, सपाट जागी. ऑइल मोजायची काठी काढा, पुसून परत घाला, पण आटे फिरवू नका, नुसती टेकवा. मग वाचा.

सिडको
आज सकाळी सांगितलं तसं पाहिलं. काठीच्या टोकाला जेमतेम थेंब, खालच्या रेघेपर्यंतही नाही. वडील शेजारीच उभे होते. त्यांनी डबा उचलला, मागे एमए शोधलं आणि म्हणाले, "आण नरसाळं."